कल्याणचे चार दरवाजे

कल्याणला तट होता, हे आज कल्याणकरालाही सांगावं लागतं. सतराव्या शतकात बांधायला घेतलेला आणि औरंगजेबाच्या अमदानीत, १६९४ मध्ये पुरा झालेला हा दगडी तट सुमारे सत्तर एकर गावाला कवेत घेऊन उभा होता. त्याला अकरा बुरूज होते आणि चार दरवाजे. एवढ्या क्षेत्राचा घेर साधारण दोन किलोमीटर भरतो, म्हणजे पायी निघालेल्या माणसाला अर्ध्या तासात साऱ्या गावाला प्रदक्षिणा घालता आली असती. वायव्येला, उल्हास नदीच्या खाडीवरच्या उंचवट्यावर बालेकिल्ला होता, तोच आजचा दुर्गाडी. मराठ्यांच्या अमलात बालेकिल्ल्याच्या जुन्या दरवाज्याजवळ आणखी एक दरवाजा काढला गेला, गणेश दरवाजा. पुढे इंग्रजी अमलात तट उतरवला गेला आणि त्याचा दगड कल्याण आणि ठाण्याच्या धक्क्यांच्या बांधकामाला गेला. ही शेवटची गोष्ट बहुतेक लेखांत हळहळ व्यक्त करण्यापुरती येते. मला ती या साऱ्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. बंदरासाठी बांधलेल्या तटाचा दगड शेवटी बंदरालाच लागला. कल्याणच्या दरवाज्यांचं खरं काम काय होतं, याचा धागा मला इथे सापडतो. ते काम मुख्यतः व्यवहाराचं होतं, लढाई हे त्याचं अधूनमधून येणारं अंग होतं. आपण मात्र आठवण ठेवताना फक्त लढाई ठेवली आणि बाकीचं सोडून दिलं, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या किल्ल्याचा दरवाजा नीट पाहिला तर हे म्हणणं पटायला मदत होते. सागवानी दोन फळ्या, त्यांवर लोखंडी पट्ट्या, आणि बाहेरच्या अंगाला हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर ठोकलेले अणकुचीदार खिळे. पाहणाऱ्याची नजर या खिळ्यांवरच खिळते आणि मार्गदर्शकही तिथेच थांबून बोलतो. पण त्याच फळीत खाली एक लहान दार असतं, दिंडी. वाकल्याशिवाय तिच्यातून जाता येत नाही आणि एका वेळी एकच माणूस जातो. आत पाऊल टाकलं की दोन्ही हातांना देवड्या लागतात, माणसाला मांडी घालून बसता येईल एवढ्या रुंद, उन्हापावसापासून आडोसा असलेल्या. भिंतीत खोल भोकं असतात, त्यांत अडसराचं लाकूड सरकवून ठेवलेलं असे. रात्री ते ओढून दाराला आडवं घालायचं, पहाटे परत भिंतीत ढकलायचं. आता या प्रत्येक भागाचा वापर वर्षातून किती दिवस होत असेल, याचा विचार करावा. खिळ्यांना हत्तीचं कपाळ एखाद्या पिढीत एकदा लागलं तर लागलं. अडसर मात्र रोज सरकत होता, दिंडीतून रोज कुणीतरी वाकून जात होतं, देवडीत रोज पहारेकरी बसत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत होता. कोण, कुठला, काय माल, कुणाचं दस्तक. बांधणाऱ्याने जागा, आडोसा आणि सोय यांचा जास्त विचार आतल्या बाजूला केलेला आहे. दरवाजा चौकशीसाठी घडवला होता, हे त्याचा दगडच सांगतो.

वसई इथून फार लांब नाही आणि तिथे तट अजून उभा आहे, म्हणून पुराव्यासाठी तिकडे वळावं. पोर्तुगीजांना वसई १५३४ च्या तहाने मिळाली. पुढे त्यांनी साडेचार किलोमीटरच्या आसपास घेराचा तट बांधला आणि त्याला दोन मुख्य दरवाजे ठेवले, एक समुद्राकडचा, एक जमिनीकडचा. एवढ्या मोठ्या शहराला मुख्य वाटा दोनच, कारण जितकी दारं कमी तितकी मालाची मोजदाद सोपी. जमिनीकडचा दरवाजा ओलांडला की वाट सरळ जात नाही, भिंतींच्या बेचक्यात वळते. लष्करी पुस्तकं सांगतात की हे वळण हल्लेखोराची धाव मोडण्यासाठी आहे आणि ते खरंच आहे. परंतु १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती दरवाजा फोडून नव्हे. तटाखाली सुरुंग लावले गेले, बुरूज उडाले, आणि खिंडारातून फौज चढली. ठाण्याची एक घटनाही याच जातीची आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी त्र्यंबकजी डेंगळ्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई नेमले. १८१६ च्या सप्टेंबरात तो निसटला, भिंतीला भोक पाडून. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणे आणि त्या मराठी गाण्यांतून निरोप आत जाई, अशी हकीकत सांगितली जाते. पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. दोन्ही प्रसंगांत निर्णय लागला तो भिंतीत. दरवाजा जिथल्या तिथे बंद होता.

यावर इतिहास जाणणारा वाचक हरकत घेईल, आणि घ्यावी. दिल्लीचा काश्मिरी दरवाजा १८५७ मध्ये दारूने उडवला, तेव्हाच इंग्रज फौज शहरात शिरली. खुद्द कल्याणलाही १७८० मध्ये वेढा पडला होता. इंग्रजांनी कल्याण घेतलं, ते परत मिळवायला मराठ्यांची फौज आली, आणि कर्नल हार्टलीची कुमक पोहोचल्यावर वेढा उठला. मग दरवाजे लढाईसाठी नव्हते असं कसं म्हणायचं? तसं मी म्हणतही नाही. लढाई होती. प्रश्न असा आहे की लढाई कशासाठी होती. १७८० मध्ये इंग्रजांना कल्याण हवं झालं, कारण या बाजूने मुंबईला जाणारी रसद मराठ्यांनी तोडली होती. मुंबई बेटावर लाकूडफाटा आणि धान्य पुरेसं मिळत नव्हतं, ते घाटाखालून आणि घाटावरून कल्याणमार्गे येत होतं. ती वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती मुंबईची चूल. म्हणजे त्या वेढ्यात झगडा मालाच्या वाटेचाच होता आणि दोन्ही पक्षांना ते पुरतं माहीत होतं. बंदराच्या शहरावरची लढाई ही व्यवहाराच्या भांडणाची शेवटची पायरी असते. तिला सुटी काढून तिचाच इतिहास लिहिला तर पोवाडा होतो, पण शहर कळत नाही.

कल्याणच्या बाबतीत हे सुमारे दोन हजार वर्षं मागे नेता येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने एरिथ्रियन समुद्राच्या प्रवासाची जी माहितीपुस्तिका लिहिली, जिला आपण पेरिप्लस म्हणून ओळखतो, तिच्यात कल्याणचा उल्लेख आहे. त्याचा आशय असा, की पूर्वीच्या एका सातवाहन राजाच्या काळात कल्याण ही रीतसर मान्यता असलेली बाजारपेठ होती. नंतर सत्ता बदलली, बंदरावर निर्बंध आले, आणि आता तिथे चुकून लागलेलं ग्रीक गलबत पहाऱ्याखाली भडोचला नेलं जातं. तेव्हा १६९४ चा तट नव्हता. तरी दरवाजा होताच, आणि बंद झाला होता. दगड नसलेला दरवाजा एका हुकमाने मिटला आणि त्याची बातमी इजिप्तच्या बंदरांपर्यंत पोहोचली. याच काळाच्या आगेमागे कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यांचा पैसा या खाडीतून आणि घाटवाटांतून आलेला. नाणेघाट हा कल्याणचा जमिनीकडचा सगळ्यात जुना दरवाजा म्हणायला हवा. कल्याणहून जुन्नर आणि पुढे पैठण ही वाट तिथून चढते. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीची नाणी टाकण्याचा असं परंपरा सांगते. बालेकिल्ला नाही, खंदक नाही, फक्त खडकात कोरलेली अरुंद वाट, राजाची खूण आणि हिशेबाचं भांडं. दरवाजा व्हायला एवढं पुरतं.

दूरच्या एका उदाहरणाने हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो, आणि ते उदाहरण आपल्या शेजारच्या मुंबईशी एका लग्नाने जोडलेलं आहे. १६६१ च्या करारान्वये पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरिनबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दोन बंदरं आंदण मिळाली, मुंबई आणि उत्तर आफ्रिकेच्या टोकावरचं तांजिअर. इंग्रजांचा जीव तांजिअरवर होता. भूमध्य समुद्राच्या तोंडाशी असलेल्या या तटबंदीच्या शहरावर त्यांनी पैसा ओतला, समुद्रात लांबलचक धक्का बांधला, बाहेर नवे बुरूज उभे केले. मुंबई मात्र त्यांनी १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, तिला तेव्हा शहराचा तटही नव्हता. पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तांजिअरच्या जमिनीकडच्या दरवाज्यापलीकडे मोरोक्कोची फौज कायम दबा धरून होती. मुलखातला माल त्या दरवाज्यातून येत नव्हता, शहराचा माल बाहेर जात नव्हता, आणि आतल्या लोकांचं खाणंपिणंदेखील समुद्रावरून आणावं लागे. लंडनच्या पार्लमेंटने पैसा नाकारला, त्यात तिथलं धर्माचं राजकारणही होतं. अखेर १६८४ मध्ये इंग्रजांनी स्वतः बांधलेला धक्का आणि बुरूज स्वतः सुरुंग लावून उडवले आणि ते निघून गेले. जिथे तट मजबूत पण दार उघडू शकत नव्हतं, ते शहर हातचं गेलं. जिथे तट नव्हता पण ठाणे, कल्याण, पनवेलकडून गलबतं येत होती, ते वाढलं. मुंबईभोवतीचा तट अठराव्या शतकात आला, राखण्याजोगं काही साठल्यानंतर.

तांजिअरच्याच किनाऱ्यावर दक्षिणेला एसाविरा आहे. मोरोक्कोच्या सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्लाने १७६० च्या दशकात हे बंदर मुद्दाम वसवलं. आराखडा तेओदोर कोर्नू या फ्रेंच अभियंत्याचा, आणि बंदराकडे उघडणारा दगडी दरवाजा आजही दिमाखात उभा आहे. सुलतानाचा हेतू उघड होता. युरोपशी होणारा व्यापार अनेक बंदरांतून विखुरलेला होता, तो एका जागी आणायचा, एका दारातून न्यायचा, आणि त्या दारात जकात घ्यायची. त्यासाठी त्याने अगादीरचं बंदर परदेशी व्यापाराला बंद केलं. एसाविरात तोफा होत्या, बुरूज होते, पण ते सारं ज्या कामाच्या रक्षणासाठी होतं ते काम दरवाज्यात बसलेल्या कारकुनाचं होतं. आपल्याकडे हीच जाण शिवछत्रपतींच्या १६७१ च्या एका पत्रात दिसते. बारदेशातलं पोर्तुगीजांच्या मुलखातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि स्वराज्यातल्या संगमेश्वराकडच्या मिठाला उठाव राहत नव्हता. राजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलं की बाहेरच्या मिठावर एवढी जकात बसवा की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल, नाहीतर व्यापारी तिकडे वळतील. आगरातला मिठागरवाला जगावा म्हणून दरवाज्यातला दर वर करणारा हा राजा. त्यांच्या आरमाराची सुरुवात कल्याणच्या खाडीत झाली, १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आल्यानंतर, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या आरमाराच्या मागे मीठ, तांदूळ, कापड आणि जकात यांची जी समज होती, तीही तितक्याच अभिमानाने सांगायला हवी.

आज दुर्गाडीच्या पायथ्याला, खाडीच्या काठी, नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही बोट आणली आहे. चांगलं झालं. शाळेतल्या मुलांना ती पाहून पाण्याची ओढ लागेल. पण तिच्या शेजारी एक गलबत किंवा पडाव का नसावा, ज्यात तांदळाची पोती, कौलं किंवा मीठ भरलेलं असे? खाडीची आठवण फक्त युद्धनौकेतून दिली तर मुलांना असं वाटेल की पाण्यातून शत्रूच येतो. शतकानुशतकं या पाण्यातून गिऱ्हाईक आलं, कोकणी मुसलमान व्यापारी आले, बेने इस्रायल घराणी आली, आणि सहाव्या शतकात कोस्मास नावाच्या प्रवाशाने नोंदवलं त्याप्रमाणे इथे ख्रिस्ती धर्मगुरूही होता. दुर्गाडीवरच्या प्रार्थनास्थळांचा वाद कित्येक दशकं न्यायालयात चालला. त्या वादाचं तारतम्य न्यायालयांनी पाहावं. मला एवढंच जाणवतं की माथ्यावर सगळ्यांची नजर खिळून राहिली आणि पायथ्याचं बंदर, गणेश दरवाजा, तटाची रेषा यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

दुसरी हरकत मला अधिक गंभीर वाटते. दरवाजा सगळ्यांना सारखा उघडत नसे. गावाच्या वेशीची राखण महारांच्या वतनाकडे आणि वस्ती मात्र त्याच वेशीबाहेर, ही आपली शेकडो वर्षांची व्यवस्था. ज्याने रात्री दार राखायचं त्यालाच आत घर नाही. बंदरांच्या शहरांत पैशाने काही बंधनं सैल झाली असतील, तरी तटाच्या आत कोण राहणार आणि बाहेर खाडीच्या चिखलाकाठी कोण, याचं उत्तर जातीनेच दिलं. मग अशा दरवाज्यांची आठवण कशाला जपायची, पडले ते बरं झालं, असं कुणी म्हणालं तर त्याचा राग मला समजतो. पण दगड काढल्याने ती रेषा पुसली जात नाही. ती घरभाड्याच्या व्यवहारात, सोसायटीच्या फाटकावर, आडनाव विचारण्याच्या पद्धतीत टिकते. दरवाज्याची जागा दाखवून तिथे लिहावं की हा अमुक दरवाजा, इथे जकात घेतली जाई, इथून अमक्यांना आत वस्ती नव्हती. अशी पाटी लावायला धैर्य लागतं. दगड पाडून विसरून जाणं त्यापेक्षा फार सोपं.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. जकात आणि नाका यांचा आम्ही पुरेसा त्रास काढला, आता त्यांचं कौतुक कशाला? मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा करासोबत संपली. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर, मुलुंडला आणि आनंदनगरलाही, हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. ठाणेकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो रास्तच होता, कारण त्या रांगांत आयुष्याचे तास गेले. मात्र याचा अर्थ दरवाजे संपले असा होत नाही. कल्याणचा दरवाजा १ मे १८५४ ला हलला, त्या दिवशी ठाण्यापुढची रेल्वे कल्याणला पोहोचली. पुढे बोर घाट आणि थळ घाट रुळांनी चढले, नाशिककडची आणि पुण्याकडची वाट कल्याण जंक्शनात फुटू लागली, आणि नाणेघाटाचं काम रुळांनी उचललं. गलबतं ओस पडली. डोंबिवलीला तर तट कधी नव्हताच, ते शहर रेल्वेच्या जिन्यातून आत आलं आणि अजून तिथूनच रोज बाहेर जातं. ठाण्याच्या किल्ल्याचा दरवाजा मात्र आजही रोज नोंद करून उघडतो आणि मिटतो, कारण पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेला तो किल्ला आता मध्यवर्ती कारागृह आहे. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना फाशी झाली ती याच दरवाज्याच्या आत. तिथे सामान्य माणसाला जाता येत नाही. कारागृह हलवून स्मारक करावं ही मागणी ठाण्यात होत आली आहे आणि ती योग्य आहे, फक्त त्या स्मारकात बंदराचा इतिहासही यावा.

नवा तट बांधा, नकली कमानी उभारा, असं मी मुळीच सुचवत नाही. ट्यूनिसला समुद्राकडचा जुना दरवाजा, बाब-अल-बहर, दोन्ही बाजूंचा तट गेल्यावरही चौकाच्या मध्यभागी एकटा उभा आहे आणि त्याच्या खालून लोक बाजारात जातात. आपल्याकडे तेवढंही नाही, तेव्हा खोटं उभं करू नये. पण तटाची रेषा दाखवता येते. कल्याण-डोंबिवली महापालिकेने रस्त्यांचं काँक्रीटीकरण करताना ती रेषा जिथे जिथे रस्ता ओलांडते तिथे वेगळ्या रंगाच्या दगडाची एक पट्टी बसवावी, चार दरवाज्यांच्या जागी मराठीत चार पाट्या लावाव्यात, आणि दुर्गाडीच्या पायथ्याला खाडीपर्यंत उतरणारी एक मोकळी वाट ठेवावी. याचा खर्च एका कमानीपेक्षा कमी येईल.

यासाठी पुरावा लागेल आणि तो सगळा सरकारी दप्तरात असेलच असं नाही. जुन्या कल्याणात ज्यांची पिढ्यान् पिढ्यांची घरं आहेत, त्यांच्या ट्रंकांत खरेदीखतं आणि वाटणीपत्रं असतात. त्यांत चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस अमुक. तिथे कुठे तट, बुरूज, दरवाजा किंवा बंदराची वाट असा उल्लेख सापडला तर तो कागद फेकू नका. त्याची प्रत काढून कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या. ते १८६४ पासून चालू आहे.